‘कॉटन’ आणि कापूस

इंग्रजी-मराठी कोशांत ‘कॉटन’ शब्द पाहावा, तर समोर ‘कापूस’ हा अर्थ सांपडतो आणि शहरांतील वाचकाचें तेवढ्यानें समाधानहि होतें. यवतमाळ जिल्ह्यांतील राळेगांवसारख्या कापसाच्या गांवीं मात्र हा अर्थ पुरत नाहीं. तेथें शेतांत उभी असते ती पऱ्हाटी. तिच्या बोंडांतून वेचून घरीं आणतात तो कापूस. जिनांत सरकी निराळी काढल्यावर उरते ती रुई. पुढें सूत आणि सुती कापड. इंग्रज या सर्वांस प्रसंगीं एकाच नांवानें हांक मारतो. झाडहि कॉटन, गांठहि कॉटन, शिवण्याचा दोराहि कॉटन आणि अंगांतील सदराहि कॉटनच! संदर्भावरून त्याचें त्यास कळतें. नेमकेंच बोलावयाचें झाल्यास ‘सीड कॉटन’ व ‘लिंट’ हे शब्द त्याजपाशीं आहेत.

मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला, तेव्हांपासून शब्दापुढें शब्द ठेवण्याची आपली संवय वाढतच गेली. काव्यकथांत तिच्यामुळें फारशी हानि होत नाहीं. बाजारभावाच्या वार्तेंत होते. इंग्रजी वार्तेंतील ‘कॉटन’चा दर बहुधा रुईचा असतो व तो खंडीस, म्हणजे ३५६ किलोंस, सांगतात. भाषांतरकार तेथें निःशंकपणें ‘कापूस’ लिहितो. उदाहरणापुरता खंडीचा दर पन्नास हजार रुपये धरूं. म्हणजे रुई क्विंटलला सुमारें चौदा हजार पडली. परंतु शेतकरी विकतो तो सरकीसह कापूस, आणि त्याच्या एका क्विंटलांत रुई निघते सुमारें तेहतीस ते पस्तीस किलो. तेव्हां त्या रुईचे पांच हजारांच्या आंतबाहेर. त्यांत सरकीची किंमत मिळवावी व जिनाचा खर्च वजा करावा. ‘कापूस चौदा हजार’ असें वाचून जो गाडी जुंपील, त्यास व्यापारी लबाड वाटेल. व्यापारी कदाचित् लबाड असेलहि, पण या प्रकरणीं अपराध भाषांतराचा आहे. ‘रॉ कॉटन’चा ‘कच्चा कापूस’ हा तर त्याहून बिकट मासला. गिरणीच्या दृष्टीनें न कातलेली रुई कच्ची खरी. पण शेतकऱ्यास कच्चा म्हणजे बोंडांत न पिकलेला, असेंच वाटावयाचें.

गंमत अशी कीं, कापसाच्या इंग्रजी व्यवहारांतील ‘कँडी’ हें माप आपल्या खंडीचेंच रूप आहे. खडीसाखरेची कँडी निराळी. ती ‘खंड’ म्हणजे साखर, या संस्कृत शब्दावरून अरबी-फारशीच्या वाटेनें युरोपांत गेली. कोशकार कँडीसाहेबांचा मात्र या दोहोंशीं कांहीं संबंध नसावा.

यावरून मराठीच अधिक संपन्न, असा डांगोरा पिटण्यास कोणी धांवूं नये. ‘फायबर’, ‘स्टेपल’, ‘यार्न’ व ‘थ्रेड’ यांत इंग्रजी काटेकोर भेद करते: पहिला सुटा तंतु, दुसऱ्यानें त्या तंतूची लांबी व प्रत कळते, तिसरें कातलेलें सूत, चौथा शिवणाचा दोरा. आपण ‘लांब धाग्याचा कापूस’ म्हणतों, तेव्हां अजून चरख्यास न लागलेल्या तंतूसच धागा म्हणून मोकळे होतों. येथें ‘तंतु’ हा शब्द पुस्तकांतून उचलून बाजारांत न्यावयास हवा. आणि ‘रुई’ हा शब्द राळेगांवच्या बाजारांतून उचलून वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत.