वास्तुविद्येचे प्रबंध आणि नावांचा प्रश्न

वास्तुविद्या हे मुळात करण्याचे शास्त्र आहे, लिहिण्याचे नव्हे. आरेखन, मापन आणि बांधणी ही तिची अंगे. त्यामुळे विद्यापीठाने वास्तुविशारदाकडून विद्यावाचस्पती पदवीसाठी प्रबंधाची अपेक्षा केली, तेव्हा त्याच्यापुढे एक अपरिचित काम येऊन पडले. जे रेषेने दाखविता येते ते शब्दाने सिद्ध करावयाचे! या कामासाठी त्याने पुरातत्त्व, इतिहास, मानवशास्त्र अशा शेजारच्या विद्यांकडून शब्द उसने घेतले. उसने घेण्यात गैर काही नाही. परंतु घेतलेल्या शब्दांची पारख मात्र सहसा केली गेली नाही. मापे सूतभरही न चुकलेल्या प्रबंधात नावे हातभर चुकलेली आढळतात, आणि परीक्षकांचे लक्ष मापांवर असल्याने ती तशीच पुढे जातात.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे या दृष्टीने विशेष बोलके आहेत. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सारा प्रदेश एकाच जिल्ह्यात मोडत होता. मार्कंड्याची देवालये, भद्रावतीची विजासन लेणी, चंद्रपूर-बल्लारपूरचे गोंड राजांचे किल्ले, आणि धानोरा-भामरागडकडील गोंड-माडियांची गावे अशी विषयांची रेलचेल येथे आहे. भाषाही तितक्याच आहेत. वैनगंगेकाठी झाडीबोली, आत गोंडी व माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू. हे भाषावैचित्र्य प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात 'पार्श्वभूमी' म्हणून दोन परिच्छेदांत येते, आणि त्यानंतर ग्रंथभर त्याचा मागमूस राहत नाही.

प्रथम मार्कंड्याचे उदाहरण घ्यावे. चामोर्शी तालुक्यातील हा देवालयसमूह वैनगंगेच्या काठी, नदी उत्तरवाहिनी होते त्या जागी आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम याने १८७३ ते १८७५ या काळातील मध्यप्रांताच्या प्रवासात त्याचे वर्णन केले. आवार सुमारे १९६ फूट लांब व ११८ फूट रुंद असल्याचे त्याने नोंदविले आणि शिल्पांचे नाते खजुराहोशी जोडले. लोकव्यवहारात मात्र मार्कंड्याला 'हेमाडपंती' म्हटले जाते. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा अधिकारी. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. मार्कंड्याची मुख्य देवालये त्याच्या फार पूर्वीची. अंबरनाथच्या शिवालयातील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. तेही देवालय सर्रास हेमाडपंती ठरते. मंत्री अधिकारावर येण्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे त्याच्या नावाची शैली प्रचारात होती, असे मानण्याचा हा प्रसंग आहे. या नावाचा ढिलेपणा हेन्री कझिन्सच्या दख्खनच्या मध्ययुगीन देवालयांवरील १९३१ च्या ग्रंथापासून अभ्यासकांना ठाऊक आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. लोकांच्या तोंडी 'हेमाडपंती' हा शब्द चुकीचा नाही. चुन्याशिवाय घडीव दगड एकमेकांत बसवून केलेले जुने काम, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि त्या अर्थाने तो अगदी नेमका आहे. शब्द बांधणीची रीत सांगतो. काळ सांगत नाही, घराणेही सांगत नाही. अभ्यासक तो उचलतो आणि त्याच्यावर काळाचा व शैलीचा भार टाकतो. नंतर दुसरा अभ्यासक त्याच शब्दाला अशास्त्रीय म्हणून हद्दपार करतो, आणि चुनारहित बांधणीला लोकांनी दिलेले एक चांगले नाव आपण गमावले, हे त्याच्या गावीही नसते. वर्तमानपत्रांनी रूढ केलेले 'विदर्भाचे खजुराहो' हे बिरुद तर याहून घातक. कारण ते मार्कंड्याला मार्कंडा म्हणून पाहूच देत नाही. कनिंगहॅमने केलेली तुलना ही चौकशीची सुरुवात होती. तिला निष्कर्षाचे रूप देण्याचे श्रेय पुढील लेखकांकडे जाते.

चंद्रपूरच्या परकोटाविषयी थोडक्यात सांगता येईल. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर हे चार दरवाजे, आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसाण या पाच खिडक्या. येथे 'खिडकी' म्हणजे गवाक्ष नव्हे, तटातील लहान दार. इंग्रजीत लिहिणाऱ्या उमेदवाराने कोश उघडून भाषांतर केले, तर तटाला पाच गवाक्षे फुटतात. 'मसाण खिडकी' या नावात नगराच्या अंत्ययात्रेची वाट जपलेली आहे. नकाशावर तिला क्रमांक दिला की ती वाट पुसली जाते. २०१७ पासून 'इको-प्रो' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी हा तट व बुरूज झाडोरा काढून मोकळे केले, त्यामुळे मापनाची सोय झाली आहे. नावे गोळा करण्याचे काम मात्र फावड्याने होण्यासारखे नाही.

प्रश्नाचा खरा गाभा घराजवळ आहे. सामान्यांच्या घरांना वास्तुविद्येत 'व्हर्नाक्युलर' म्हणतात. ही संज्ञा भाषेच्या क्षेत्रातून आलेली आहे. देशी बोलीला लावावयाचे विशेषण देशी घराला लावले गेले. बर्नार्ड रुडॉफस्कीच्या १९६४ च्या न्यूयॉर्क येथील प्रदर्शनानंतर अशा घरांना प्रतिष्ठा आली आणि पॉल ऑलिव्हरच्या १९९७ च्या विश्वकोशाने त्यांना शास्त्राचा दर्जा दिला. नाव बोलीवरून घेतले, बोली तेवढी मागे राहिली, हा यातील विनोद आहे.

झाडीपट्टीतील घराची सपरी, मागची सांदवाडी, छपराचे मयाल, त्यावरील कवेलू, आणि कामट्यांचा माती लिंपलेला कुड हे शब्द प्रबंधात 'व्हरांडा', 'परसू', 'तुळई', 'कौल' व 'भिंत' होऊन येतात. भाषांतर स्थूलमानाने बरोबर आहे, आणि म्हणूनच फसवे आहे. 'भिंत' म्हटले की ती भार वाहते असे वाचक गृहीत धरतो. कुड भार वाहत नाही, भार खांबांवर असतो. म्हणजे शब्द बदलताच घराची रचनाच कागदावर बदलली. सांदवाडीला 'परसू' म्हटले की ती घराबाहेरची उरलेली जागा ठरते. भाजीपाला जेथून येतो ती सांदवाडी घराचाच भाग आहे, हे क्षेत्रफळाच्या कोष्टकात उतरत नाही. गोंडीत घराला कोठे 'रोन' तर कोठे 'लोन' म्हणतात आणि गावाला 'नार'. एखाद्या गावात या दोहोंच्या मध्ये काय काय येते, अंगण कोणाचे, कुंपण कोठवर, हे विचारल्याशिवाय 'वस्तीचा आराखडा' काढणे म्हणजे वाक्यरचना न पाहता शब्द मोजण्यासारखे आहे.

'गोटुल' या शब्दाची कथा तर स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. व्हेरियर एल्विनने बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर १९४७ मध्ये ग्रंथ लिहिला. तेव्हापासून गोटुल म्हणजे 'युवागृह' हे समीकरण विद्वानांच्या मनात घट्ट बसले. एल्विनचे निरीक्षण मुरियांपुरते होते. धानोरा तालुक्यातील गोटुल मात्र गावाची बैठक बसण्याची, तंटा मिटविण्याची, एकत्र येण्याची जागा आहे. 'युवागृह' हे भाषांतर हाती घेऊन आलेला अभ्यासक तेथे निजण्याची जागा शोधतो, ती न सापडल्यावर 'परंपरेचा ऱ्हास' असा निष्कर्ष काढतो, आणि समोर चालू असलेली सभा त्याला दिसत नाही. मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तिच्या नावातही गोटुल हा शब्द आहे. शब्द जिवंत असल्याची याहून चांगली साक्ष कोणती?

उलट बाजूने 'कुर्मा घर' पाहावे. पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी राहावयाची गावाच्या कडेची ही झोपडी. तिच्या दुरवस्थेविषयी बरेच लिहिले गेले आहे. २०२१ च्या सुमारास काही संस्थांनी तिच्या जागी पक्की, न्हाणीघर व शौचालय असलेली घरे बांधून दिली. त्यावर, अशा सुधारणेने मूळ प्रथाच पक्की होते, असा आक्षेपही आला. हा वाद वास्तूचाच आहे. पण ज्या आराखड्यात ती झोपडी 'इतर बांधकामे' या सदरात जाते, त्या आराखड्याला या वादात काही म्हणता येत नाही. शिवाय तिच्याविषयी जी माहिती हवी, ती गावातील पुरुष दुभाष्याकडून मिळण्याचा संभव कमी.

यावर असे म्हणता येईल की हे सारे भाषाशास्त्रज्ञाचे काम आहे, वास्तुविशारदाने ते का करावे? आक्षेपात तथ्य आहे. भाषाशास्त्रज्ञांची कामगिरीही यात फारशी गौरवास्पद नाही. बोलींच्या कोशांत 'घराचा एक भाग' किंवा 'एक प्रकारचे लाकूड' अशा अर्थनोंदी ढिगाने सापडतात. एका रेखाचित्राने जो अर्थ क्षणात कळला असता, त्यासाठी कोशकाराने पेन्सिल उचलली नाही. ज्या दोघांनी एकत्र बसावयाचे, ते दोन विभागांत बसतात, आणि त्यांच्या पदव्यांचे नियमही निराळे काही सुचवीत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रबंधाला किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे मिळतात. तेवढ्या अवधीत गोंडी बोलता येणे अवघड असले, तरी घरासंबंधीचे शे-दोनशे शब्द ते बोलणाऱ्यांकडून चित्रांसह टिपणे अवघड नाही. वेळ मात्र साधावी लागते. छपराची कामे पावसाळ्यापूर्वी होतात. दिवाळीच्या सुटीत गेलेल्यास ते शब्द कामाच्या ओघात ऐकू येत नाहीत.

आणि विलंबाला जागा उरलेली नाही. १९८५ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेत रूपांतरित झाली. तिच्या घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरले. पक्के छत हे गरजूंच्या हिताचे आहे, यात शंका नाही. कवेलू फेरण्याचे कष्ट ज्याने कधी केले नाहीत त्यानेच त्याविषयी हळहळावे. परंतु सिमेंटच्या छताला मयाल लागत नाही, आणि विटांच्या भिंतीला कुड.

या संदर्भात मेंढा (लेखा) या गावाचा अनुभव प्रबंधकारांनी अवश्य पाहावा. तेथील गोंडांनी सागाची लाकडे वापरून गोटुल उभारले, तेव्हा वनखात्याने ते बेकायदा ठरवून पाडले. गावाने ते पुन्हा बांधले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कितीतरी आधीची ही घटना. याच गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. वास्तूचा इतिहास लिहिताना 'साहित्य : साग' एवढे लिहून थांबणारा उमेदवार त्या लाकडावर कोणाचा हक्क होता हा प्रश्न टाळतो, वास्तविक त्या इमारतीचे सारे महत्त्व त्या प्रश्नात आहे. बांबूचेही तसेच. जो बांबू घराच्या कामट्यांसाठी होता तोच बल्लारपूरच्या कागद गिरणीकडेही जात होता.

मेंढ्यात ग्रामसभेच्या जोडीने अभ्यासगट चालत आला आहे. गावकरी आणि बाहेरचे अभ्यासक त्यात एकत्र बसून चर्चा करतात, आणि निर्णय सर्वसहमतीने घेण्याची गावाची रीत आहे. विद्यापीठातील प्रबंध मार्गदर्शक, परीक्षक व मौखिक परीक्षा या तीन पायऱ्या चढून 'शोधगंगा' या संग्रहात दाखल होतो, बहुधा इंग्रजीत. ज्यांच्या घरांची मापे घेतली, त्यांच्यापुढे तो कोणत्याही पायरीवर येत नाही. मौखिक परीक्षेपूर्वी प्रबंधातील आराखडे आणि शब्दसूची एवढा भाग जरी मराठीत वा गोंडीत अशा गटापुढे वाचला गेला, तरी 'खिडकी', 'कुड' आणि 'गोटुल' यांच्या चुका तेथेच, आणि विद्यापीठाला कोणताही खर्च न पडता, दुरुस्त होतील.