‘आम्हीही इतिहास घडवला’ : विज्ञानाच्या विद्यार्थ्याने हे पुस्तक कसं वाचावं?

‘सॅम्पल किती घ्यायचं?’ हा प्रश्न पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात. सॅम्पल आलं कुठून, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. म्हणून आज माझ्या विषयाबाहेरचं एक पुस्तक घेतलंय. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’, प्रकाशन १९८९. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा सहभाग हा त्याचा विषय. वंदना सोनाळकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला.

आधी या संशोधनामागचा प्रश्न बघा. महाड, नाशिक, नागपूर इथल्या सत्याग्रह-परिषदांच्या हकिकतींमध्ये ‘स्त्रियाही मोठ्या संख्येने हजर होत्या’ अशा अर्थाचं एखादं वाक्य असतं आणि विषय तिथेच संपतो. या दोघींनी त्या एका वाक्याच्या मागे जायचं ठरवलं. कुठल्या स्त्रिया? त्यांची नावं काय, घरी काय परिस्थिती, पुढे त्यांचं काय झालं? आपल्या भाषेत याला रिसर्च गॅप म्हणतात. फरक इतकाच, की आपण ती शोधनिबंधांच्या शेवटच्या परिच्छेदात शोधतो आणि यांनी ती आपल्याच वस्तीत शोधली.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात कागदपत्रं आणि जुनी वृत्तपत्रं यांच्या आधारे मांडलेला इतिहास. दुसऱ्यात कार्यकर्त्या स्त्रियांच्या मुलाखती आणि चरित्रं. माझ्या मते पुस्तकाचा जीव दुसऱ्या भागात आहे. नागपूरच्या जाईबाई चौधरींचंच बघा. आधी ओझी वाहायची, मग शिक्षिका आणि पुढे १९२० च्या दशकात अस्पृश्य मुलींसाठी स्वतः काढलेली शाळा. हे ‘योगदान’ या गुळगुळीत शब्दात मावत नाही.

पहिल्या भागात थांबण्यासारखी जागा म्हणजे जुलै १९४२ मध्ये नागपूरला झालेली दलित महिला परिषद. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. बायकोला घटस्फोटाचा हक्क मिळावा, पुरुषाच्या एकाहून जास्त लग्नांना बंदी असावी, कामगार स्त्रियांना रजा मिळावी, असे ठराव तिथे झाले. आता तारखा शेजारी ठेवा. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ चा, घटस्फोटाचा कायदा १९४७ चा आणि देशभरासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ चा. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात येण्याआधी ही मागणी या बायकांच्या मांडवात ठराव म्हणून मंजूर झाली होती. या ठरावांमुळेच कायदे झाले असं मी म्हणत नाहीये. आधी-नंतर म्हणजे कारण-परिणाम नव्हे, हे तुम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात. पण स्त्री-हक्कांचा इतिहास लिहिताना सुधारकांपासून थेट संसदेत उडी मारणाऱ्यांनी मधली ही पायरी गाळली, हे तर स्पष्ट दिसतं.

आता टीकेकडे येते. मी वनस्पतीशास्त्राची. हर्बेरियममधल्या नोंदी नकाशावर मांडल्या की बरेचसे ठिपके रस्त्यांच्या कडेने दिसतात. झाडं काय रस्ता बघून उगवत नाहीत, गोळा करणारे रस्त्याने जातात! या पुस्तकालाही असा रस्ता आहे. वृत्तपत्रात नाव आलेली, परिषदेत बोललेली, मंडळ किंवा वसतिगृह चालवलेली स्त्री सापडते. जिने परिषदेला आलेल्यांच्या भाकऱ्या थापल्या किंवा मजुरीतला आणा वर्गणीत दिला, ती नोंदीत नसते. १९८० च्या दशकात तिचा माग काढायला धागाच उरत नाही. ‘घडवला’ या क्रियापदाचा कर्ता मग मुख्यतः कार्यकर्ती होते. लेखिकांनी निवडीची ही मर्यादा आणखी ठळकपणे, जरा सविस्तर सांगायला हवी होती असं मला वाटतं.

दुसरी अडचण काळाची. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं आठवून सांगताना माणूस ते आजच्या नजरेने लावून घेतो. बऱ्याच कथनांत बाबासाहेबांची भेट किंवा भाषण हा कळस असतो. ते खोटं नाही, त्या आयुष्यांत ते खरंच तेवढं मोठं होतं. पण त्या प्रकाशात रोजचं काम, घरातली भांडणं, बायकांचे आपापसातले मतभेद फिके पडतात. यावर उपाय म्हणजे आपलं नेहमीचं ट्रँग्युलेशन. शांताबाई दाणींची मुलाखत वाचलीत, तर ‘रात्रंदिन आम्हा’ हे त्यांचं आत्मकथनही शेजारी उघडा. काय जुळतं, काय गळतं ते टिपून ठेवा.

एवढं असूनही हे काम मला अनेक नीटनेटक्या प्रबंधांपेक्षा वरचं वाटतं. आठवणी सांगणाऱ्या म्हाताऱ्या होत होत्या. हे काम दहा वर्षं पुढे ढकललं असतं, तर मेथडॉलॉजी निर्दोष झाली असती आणि मुलाखत द्यायला कोणी नसतं. शिवाय विचारणाऱ्या दोघी त्याच समाजातल्या. ‘बायस’ म्हणून हा मुद्दा काढणारे भेटतील तुम्हाला. त्यांना विचारा, की परक्या, वही-पेनवाल्या माणसासमोर घरातलं किती बोललं जातं?

वाचायला घेतलंत तर दुसऱ्या भागापासून सुरुवात करा. प्रत्येक मुलाखतीपाशी समासात एवढंच लिहा : ही स्त्री लेखिकांपर्यंत पोहोचली कशी, आणि तिच्या शेजारची का नाही?