मालवाहतुकीचं धोरण आणि देवळालीची गाडी

अध्यक्षांनी मला रेल्वेचा अभ्यासक म्हटलं. मी धोरणाचे कागद वाचणारा माणूस आहे, एवढंच. आज ज्या कागदाबद्दल बोलायचंय, तो म्हणजे राष्ट्रीय रेल्वे योजना. तिचा मसुदा डिसेंबर 2020 मध्ये आला. 1951 च्या सुमारास देशातला ऐंशी टक्क्यांहून जास्त माल रेल्वेने जायचा. आता तो वाटा तीस टक्क्यांच्या आत आलाय. 2030 पर्यंत तो 45 टक्क्यांवर न्यायचा आणि मालगाडीचा सरासरी वेग ताशी 22 किलोमीटरवरून 50 वर, असं हा कागद म्हणतो. निदान बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझं भांडण औषधाशी आहे.

पहिलं लक्ष्य होतं 2024 सालापर्यंत 2024 दशलक्ष टन. सालाशी टन जुळवायची ही हौस कोणाची, देव जाणे. 2023-24 मध्ये प्रत्यक्षात माल भरला गेला तो 1,590 दशलक्ष टनांच्या आसपास. तोवर 3,000 दशलक्षांचं पुढचं लक्ष्य जाहीर झालेलंच होतं.

पैसा कमी पडला म्हणावं, तर तसंही नाही. 2023-24 च्या अर्थसंकल्पात रेल्वेला भांडवली खर्चासाठी 2.40 लाख कोटी मिळाले. जागतिक बँकेचं आणि जपानचं कर्ज घेऊन पूर्व आणि पश्चिम मिळून 2,843 किलोमीटरचे खास मालगाड्यांचे मार्ग बांधायला घेतले. पश्चिम मार्गावर कंटेनरवर कंटेनर ठेवून गाड्या धावतात. काम मोठं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. आपल्याकडचा वैतरणा ते जेएनपीटी हा शंभरेक किलोमीटरचा तुकडा मात्र सगळ्यात शेवटी राहिला. ज्या बंदरासाठी मार्ग आखला, नेमकं त्याचंच दार!

मग अडतं कुठे? हिशेब टनांत आहे, तिथे. भरलेल्या मालात निम्म्याच्या आसपास कोळसा असतो. वीजकेंद्रांची भूक वाढली की टन वाढतात आणि धोरण यशस्वी दिसतं. जो माल हातचा गेलाय तो वेगळाच आहे: कांदा, डाळिंब, कापड, किराणा. मालगाडी मागायची तर चाळीसेक वाघिणींचा अख्खा रेक भरावा लागतो, छोटा रेक म्हटला तरी वीसेक वाघिणी. मालधक्क्यापर्यंत ट्रक करा, हमाली द्या, पलीकडे पुन्हा ट्रक, पुन्हा हमाली, आणि ठरल्या तासांत वाघिणी रिकाम्या नाही झाल्या तर दंड. ट्रकवाला बांधापर्यंत येतो आणि कुठल्या दिवशी पोचेल ते फोनवर सांगतो. व्यापाऱ्याने कुणाकडे जावं?

याला उत्तर आपल्याच जिल्ह्यातून मिळालं होतं. 7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली. अख्ख्या रेकची अट नाही. दहा पेट्या आणा, त्याही घेऊ. वाटेत मनमाड, जळगाव, भुसावळ असे थांबे. सुमारे 1,500 किलोमीटर, वेळापत्रकात बत्तिसेक तास. भागाकार करून बघा, ताशी सत्तेचाळीसच्या आसपास येतो. म्हणजे योजनेने 2030 साठी ठेवलेल्या वेगाच्या जवळपासचं वेळापत्रक, जुन्याच रुळांवर! पार्सलचे डबे होते, म्हणून तसा मार्ग मिळाला, हे मान्य. पण वेळ पाळायची ठरवली की माल येतो, हे दिसलं ना? त्याच डिसेंबरात सांगोल्याहून शंभरावी गाडी सुटली.

यात भाड्यावरची निम्मी सवलतही होती. ती मात्र आली अन्नप्रक्रिया मंत्रालयाकडून, शेतकऱ्याला मदत म्हणून. रेल्वेचा गेलेला ग्राहक परत आणायचा खर्च म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. मदत आटली, तशा गाड्याही आटल्या. जानेवारी 2023 पर्यंत या गाड्यांनी एकूण आठ लाख टनांच्या जवळपास माल नेला. रेल्वेच्या वार्षिक हिशेबात हे साडेचार तासांचं काम. टन मोजणाऱ्या कार्यालयाला त्याचं काय वाटणार?

आणि दुसरीकडे प्रवासी गाड्यांचा तोटा मालभाड्यातून भरायची जुनी रीत चालूच आहे. महालेखापरीक्षकांनी त्याकडे वारंवार बोट दाखवलंय. प्रवासाचं तिकीट स्वस्त असावं, याच्या मी बाजूचा आहे. पण त्याचं बिल अर्थसंकल्पाने भरावं. ज्याला ट्रककडून परत बोलावायचं, त्याच्याकडूनच ते वसूल करायचं आणि वर 45 टक्क्यांची आशा धरायची, हे मला पटत नाही.

दरवर्षीच्या तक्त्यात टनांच्या शेजारी आणखी दोन रकाने हवेत. रेकपेक्षा कमी माल घेऊन किती ग्राहक आले, आणि सांगितलेल्या दिवशी किती माल पोचला. अनुदान द्यायचं ते या रकान्यांकडे पाहून द्या, आणि रेल्वेच्याच खात्यातून द्या, म्हणजे दुसऱ्या मंत्रालयाचा हात आखडला तरी गाडी सुटेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आता प्रश्न घेऊ.