इंग्रजी मृत्युपत्रें : अस्सल आणि तालीक

पेशवाईच्या उत्तरकाळांत पुणें दरबारीं आणि मुंबईस वावरलेल्या इंग्रज गृहस्थांच्या घराण्यांचा शोध घेण्याची आवड आपल्या कांहीं संशोधकांस लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारांत ज्याचें नांव पानोपानीं येतें तो मनुष्य कोणाचा कोण, त्याचीं बायकामुलें कोठलीं, हें त्या पत्रव्यवहारावरून क्वचितच कळतें. मृत्युपत्रावरून तें पुष्कळदां कळतें. परंतु अशा मृत्युपत्रांच्या आधारें लिहिलेले जे लेख व वंशवृक्ष आमच्या पाहण्यांत आले, त्यांतील एक दोष इतका सार्वत्रिक आहे कीं, त्याची चर्चा येथें करणें अवश्य वाटतें. मोडी कागद हातीं आला म्हणजे तो अस्सल कीं तालीक, हें जो संशोधक सर्वांआधीं पाहतो, तोच इंग्रजी मृत्युपत्र समोर येतांच हा प्रश्न विसरतो. सूचींत नांव सांपडलें, छायाप्रत मिळाली, कीं ती 'मूळ मृत्युपत्र' म्हणून उद्धृत होते. ती बहुधा मूळ नसते.

याचें कारण तेथील कचेरीच्या रिवाजांत आहे. १८५८ च्या जानेवारीपर्यंत इंग्लंडांत मृत्युपत्र शाबीत करण्याचें काम धर्मखात्याच्या न्यायालयांकडे असे, व त्यांत सर्वांत वरिष्ठ म्हणजे कँटरबरीच्या आर्चबिशपचें प्रेरोगेटिव्ह कोर्ट. मयताचा एक्झिक्यूटर मृत्युपत्र घेऊन तेथें गेला म्हणजे अस्सल कागद कोर्ट आपल्यापाशीं ठेवी. फी भरल्यास कारकून त्याची नक्कल मोठ्या चोपडींत उतरून घेई. आणि एक्झिक्यूटरास कोर्टाच्या शिक्क्याची एक प्रत मिळे. म्हणजे एकाच मृत्युपत्राचीं तीन रूपें झालीं. पैकीं चोपड्या १३८४ पासून १८५८ पर्यंतच्या असून त्यांत दहा लक्षांहून अधिक मृत्युपत्रें आहेत. क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत 'प्रॉब ११' या खुणेखालीं त्या आहेत, आणि त्यांच्याच छायाप्रती आज घरबसल्या मिळतात. अस्सल कागदांचे रुमाल 'प्रॉब १०' या निराळ्या खुणेखालीं आहेत. ते पाहावयाचे तर शाबितीचा महिना व साल हुडकून आधीं मागणी नोंदवावी लागते. तेवढे कष्ट बहुतेक कोणी घेत नाहीं.

तालिकेंत काय जातें हें पाहावयाचें तर शेक्सपियरच्या मृत्युपत्रासारखें दुसरें उदाहरण नाहीं. कारण त्याचें अस्सलही आहे आणि चोपडींतील नक्कलही आहे. अस्सल तीन पानांचें असून प्रत्येक पानावर त्याची सही आहे. आरंभीं जानेवारी हा महिना खोडून मार्च केला आहे, म्हणून तारीख २५ मार्च १६१६ होते. पहिल्याच पानावर 'जांवयास' अशा अर्थाचे शब्द लिहावयास घेऊन ते खोडले आहेत, व तेथें 'मुलगी ज्यूडिथ हीस' असें केलें आहे. ज्यूडिथचें लग्न त्याच वर्षीं फेब्रुवारींत झालें होतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे या खोडीला कुलेतिहासांत काय किंमत आहे तें कळेल. पत्नीस दुय्यम प्रतीचा पलंग देण्याचें जें प्रसिद्ध वाक्य, तें ओळींच्या मध्यें मागाहून घातलेलें आहे. हेमिंग्ज, बर्बेज व कंडेल या तिघां नटांना अंगठ्यांसाठीं प्रत्येकीं २६ शिलिंग ८ पेन्स देण्याचें वाक्यही तसेंच ओळींमध्यें आहे. स्ट्रॅटफर्डचा हा गृहस्थ आणि लंडनच्या रंगभूमीवरचा कवि यांचा सांधा मृत्युपत्रांत जुळतो तो या वाक्यानें. २०१६ साली कागद व शाई यांची तपासणी झाली, तींतून दुसरें पान आधींच्या एखाद्या मसुद्यांतलें असावें असें अनुमान निघालें. हें सर्व अस्सल कागद उरला म्हणून बोलतां येतें. २२ जून १६१६ रोजीं मृत्युपत्र शाबीत झाल्यावर कारकुनानें चोपडींत जी नक्कल उतरली, तींत पलंग आहे, नट आहेत, पण सर्व एका ओळींत, एका हातानें, स्वच्छ. मृत्युपत्र करणाऱ्याचें मन कोठें अडलें, कोठें फिरलें, हें त्या स्वच्छतेंत बुडून गेलें आहे.

संस्कृत पोथ्यांची पाठचिकित्सा ज्यांनीं केली आहे त्यांस हें नवें नाहीं. सुवाच्य प्रत ही विश्वसनीय प्रत असतेच असें नाहीं. उलट लेखक जितका सफाईदार तितका त्याचा लिपिकरप्रमाद ओळखण्यास कठीण. चोपडीच्या शेवटीं मृत्युपत्र करणाऱ्याचें जें नांव असतें, तें कारकुनाच्या हातचें असतें. एका वंशवृक्षाबरोबर तें 'पूर्वजाची स्वाक्षरी' म्हणून छापलेलें आम्हीं पाहिलें आहे! जेन ऑस्टिनचें २७ एप्रिल १८१७ चें मृत्युपत्र तिनें स्वहस्तें लिहिलेलें असून त्यावर साक्षीदार नाहींत. जंगम मालमत्तेच्या मृत्युपत्रास साक्षी अवश्य झाली ती १८३८ पासून. म्हणून तिचें अक्षर ओळखणाऱ्यांस कोर्टापुढें शपथेवर सांगावें लागलें. असें अक्षर तालिकेंत कोठून दिसणार?

तारखांचा घोटाळाही असाच. १७५१ पर्यंत इंग्लंडांत सरकारी वर्ष २५ मार्चला बदले. म्हणून १० फेब्रुवारी १६९० असें लिहिलेलें मृत्युपत्र आपल्या हिशेबानें १६९१ चें असतें. सुहूर सन मृगाला बदलतो हें जाणणाऱ्या आमच्या वाचकांस ही गोष्ट एकदां सांगितली म्हणजे पुरे. शाबितीचा मजकूर मात्र १७३३ पर्यंत, मध्यंतरीचीं प्रजासत्ताकाचीं वर्षें वगळतां, लॅटिनमध्यें असे, आणि तो न वाचतां सोडण्याची चाल पडली आहे. एक्झिक्यूटर कोण झाला, कोणीं हक्क सोडला, हें त्यांतच असतें.

नात्यांच्या शब्दांविषयीं थोडें अधिक लिहिणें जरूर आहे, कारण वंशवृक्ष बिघडतात ते येथें. जुन्या मृत्युपत्रांतला 'कझिन' हा पुतण्या, भाचा, नातू, किंवा नुसता आप्त असूं शकतो. 'सन-इन-लॉ' म्हणजे जांवई, तसाच बायकोचा पहिल्या घरचा मुलगाही. शेक्सपियर एलिझाबेथ हॉल हीस आपली 'नीस' म्हणतो; ती त्याची भाची किंवा पुतणी नव्हे, वडील मुलीची मुलगी होय. यांत त्याची चूक नाहीं. लॅटिन 'नेप्टिस' म्हणजे नातच. तो शब्द आणि आपली संस्कृत 'नप्त्री' हीं एकाच घरचीं, आणि मराठी 'नात'ही त्याच कुळांतली. इंग्रजींत अर्थ मागाहून सरकला. आजचा कोश पुढें ठेवून सतराव्या शतकांतील नातीं लावणाऱ्यानें एवढें ध्यानांत धरावें. तसेंच, मृत्युपत्रांत वडील मुलाचें नांव नाहीं म्हणून बापानें त्यास टाकलें असें ठरवूं नये; जमीन त्याच्याकडे वारशानें किंवा लग्नाच्या वेळच्या करारानें आधींच गेलेली असे.

शोधाच्या पद्धतींतही एक खोट आहे. प्रॉब ११ च्या सूचींत नांव मिळालें नाहीं म्हणजे 'मृत्युपत्र केलें नव्हतें' असा शेरा मारून संशोधक मोकळे होतात. वास्तविक शाबितीचा अधिकार असलेलीं न्यायालयें दोनशेंहून अधिक होतीं. एकाहून अधिक बिशपांच्या इलाख्यांत पांच पौंडांहून अधिक किंमतीची चीजवस्तु असेल, किंवा मनुष्य परदेशीं मेला असेल, तर प्रकरण वरिष्ठ कोर्टांत जाई. एरव्हीं तें आर्चडीकनच्या किंवा बिशपच्या कोर्टांत मिटे. उत्तरेस यॉर्कचें निराळें वरिष्ठ कोर्ट होतें व त्याचे कागद तेथील विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेंत आहेत; बाकीचे काउंट्यांच्या दप्तरखान्यांत विखुरले आहेत. कोणतें कोर्ट, हें कळत नसेल तर १७९६ पासूनच्या मृत्युकराच्या चोपड्या पाहाव्या. त्यांत कोर्टाचें नांव असतें. १२ जानेवारी १८५८ नंतरचें काम सोपें आहे, कारण तेव्हांपासून सर्व देशाची एकच वार्षिक सूची वर्णानुक्रमानें आहे. मृत्युपत्र नसतांही कोर्ट मिळकतीचा कारभार वारसास सोंपवी, त्याची नोंद निराळ्या चोपडींत असते, आणि तींतही नातें लिहिलेलें असतें.

आपल्या कामाचें म्हणजे हिंदुस्थानांत मेलेल्यांचें. १७२६ च्या सनदेनें मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें मेयरचीं कोर्टें स्थापन झालीं व त्यांस शाबितीचा अधिकार मिळाला. तेथल्या मृत्युपत्रांच्या नकला विलायतेस जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसच्या दप्तरांत आहेत. येथेंही पुन्हां नकलाच! १७९८ ते १८०१ पर्यंत पुण्यास रेसिडेंट असलेला विल्यम पामर १८१६ साली बंगाल्यांत वारला. त्याच्या मृत्युपत्रांत फैज बक्ष बेगम हिचा उल्लेख आपली स्नेहाची, दीर्घ काळची सहचरी असा आहे. अशा मृत्युपत्रांतलीं एतद्देशीय स्त्रियांचीं व मुलांचीं नांवें ज्या कारकुनानें उतरलीं, त्यानें तीं कधीं कानांनीं ऐकलेलीं नसत. नक्कलेची नक्कल झाली म्हणजे त्या नांवाचें काय होतें, हें फारसी नांवांचीं मोडी रूपें पाहिलेल्यांस सांगावयास नको. त्या बायांच्या वंशजांस आपलें मूळ शोधण्यास पुष्कळदां तेवढा एकच शब्द उरलेला असतो.

तालिकेस आम्ही तुच्छ लेखतों असें मात्र कोणी समजूं नये. १९४२ च्या मे महिन्यांत एक्झीटर शहरावर जर्मनांनीं बाँब टाकले, त्यांत तेथील प्रोबेट कचेरी जळाली व डेव्हन प्रांताचीं शतकानुशतकांचीं अस्सल मृत्युपत्रें राख झालीं. आज त्या प्रांताचा शोध चालतो तो मृत्युकराच्या कचेरींत गेलेल्या १८१२ ते १८५७ च्या नकलांवर, आणि हौशी संग्राहकांनीं आगीपूर्वीं केलेल्या टांचणांवर.

याच गोष्टीचा उलट उपयोग कोणी केला तर काय होतें, तें डिसेंबर १९२३ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे डिसेंबर २०२३ मध्यें दिसलें. ब्रिटिश न्यायखात्यानें लोकांचें मत मागविलें कीं, १८५८ पासूनच्या मृत्युपत्रांच्या यांत्रिक छायाप्रती करून ठेवाव्या, पंचवीस वर्षांनीं कागद नष्ट करावे, आणि केवळ प्रसिद्ध व्यक्तींचे तेवढे राखावे. कागद सांभाळण्याचा खर्च वर्षास पंचेचाळीस लक्ष पौंड, हें कारण. इतिहासज्ञांनीं कडक हरकती घेतल्या, त्या योग्यच होत्या. छायाप्रत ही कारकुनाच्या तालिकेहून शतपट चांगली, हें आम्हांस मान्य आहे. खोड, ओळींमधला मजकूर, अक्षर, हें सर्व तींत येतें. परंतु शेक्सपियरच्या दुसऱ्या पानाची शाई छायाचित्रावरून तपासतां आली नसती. आणि कोण प्रसिद्ध, हें ठरविणार कोण? कुलेतिहास लिहिणाऱ्याचा मनुष्य बहुधा अप्रसिद्धच असतो.

तूर्त आमच्या लेखकांनीं एवढें करावें : इंग्रजी मृत्युपत्राचा हवाला देतांना तें चोपडींतून घेतलें कीं रुमालांतून, हें त्या त्या खुणेसह लिहावें, शाबितीची तारीख व मृत्यूची तारीख वेगळ्या द्याव्या, आणि नात्याचा शब्द भाषांतरित करण्यापूर्वीं इंग्रजी रूप देवनागरींत जसेंच्या तसें द्यावें.