अँग्लो-सॅक्सन वीरकाव्याचा नायक : पराक्रम आणि प्रजा

प्रस्तावना

इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास ज्या काव्यापासून शिकविला जातो, ते ‘बेओवुल्फ’ हे ३१८२ ओळींचे दीर्घकाव्य होय. त्याचे एकमेव हस्तलिखित साधारणपणे इ. स. १००० च्या सुमाराचे आहे. १७३१ मध्ये लंडनमधील ग्रंथसंग्रहाला लागलेल्या आगीत त्याच्या कडा होरपळल्या, पण काव्य वाचले. आज ते ब्रिटिश लायब्ररीत आहे. काव्याचा रचनाकाळ मात्र वादाचा विषय असून आठव्या शतकापासून अकराव्या शतकाच्या आरंभापर्यंत निरनिराळ्या तारखा सुचविल्या गेल्या आहेत. विशेष म्हणजे इंग्लंडमध्ये रचलेल्या या काव्यात इंग्लंड नाही. त्याची भूमी डेन्मार्क आणि दक्षिण स्वीडनची असून नायक गीट जमातीचा आहे.

या नायकाचा पराक्रम वादातीत आहे. तो पराक्रम त्याच्या प्रजेच्या उपयोगी पडला काय, हा प्रश्न मात्र विचारात घेण्यासारखा आहे.

निष्ठेचा करार

रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. ९८ च्या सुमारास जर्मानिक टोळ्यांचे वर्णन लिहिले. सरदार युद्धात पडल्यावर रणातून जिवंत परतणे ही आयुष्यभराची नामुष्की होय, अशी त्या समाजाची धारणा त्याने नोंदविली आहे. अँग्लो-सॅक्सन वीरकाव्याचा पाया हाच आहे. राजा हा पोशिंदा. तो शस्त्रे, घोडे आणि सुवर्णकंकणे वाटतो. योद्धे त्याच्या दालनात मद्याचे चषक हाती घेऊन शब्द देतात आणि रणांगणावर खाल्ल्या मिठाला जागतात. या समाजात शब्द देणे ही बढाई नसून स्वतःला बांधून घेणे असते.

काव्याच्या पूर्वार्धातील बेओवुल्फ या कसोटीला पुरेपूर उतरतो. ग्रेंडेल नावाचा राक्षस १२ वर्षे डेन राजा ह्रोथगारचे दालन उद्ध्वस्त करीत असतो. बेओवुल्फ १४ सोबत्यांसह समुद्र ओलांडून येतो आणि ग्रेंडेलशी निःशस्त्र झुंजतो. नंतर ग्रेंडेलच्या मातेलाही तो तिच्या जलाशयाच्या तळाशी जाऊन मारतो. येथे तो राजा नाही. तो मेला असता तर एक वीर गेला असता, राज्य गेले नसते. म्हणून त्याचे एकट्याने पुढे होणे निर्दोष ठरते.

त्याच्या ठायी संयमही आहे. त्याचा राजा हिगेलाक मारला गेल्यावर राणी हिग्द त्याला सिंहासन देऊ करते. तो ते नाकारतो आणि तिच्या अल्पवयीन पुत्राचा पाठीराखा होतो. सत्तेसाठी आप्तांचे रक्त सांडणाऱ्या त्या काळात हा प्रसंग राक्षसवधाइतकाच मोलाचा आहे. मरतेवेळी बेओवुल्फला समाधान वाटते तेही आपण खोट्या शपथा वाहिल्या नाहीत आणि आप्तांना मारले नाही याचेच.

राजा झालेला वीर

उत्तरार्धात ५० वर्षे राज्य केलेला वृद्ध बेओवुल्फ दिसतो. एक पळपुटा दास पुरलेल्या खजिन्यातून चषक चोरतो आणि ३०० वर्षे तो खजिना राखणारा अग्निमुखी सर्प देश जाळू लागतो. राजा लोखंडी ढाल घडवून घेतो, ११ योद्धे सोबत नेतो. पण ही झुंज माझ्या एकट्याची, असे सांगून त्यांना दूरच थांबवितो. तो ज्वाळांनी वेढला गेल्यावर ते रानात पळतात. फक्त तरुण विग्लाफ मदतीला धावतो. सर्प मरतो, राजाही मरतो.

१९३६ मध्ये टॉल्किन यांनी दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानाने हे राक्षस काव्याच्या मध्यभागी आणले. पुढे १९५३ मध्ये त्यांनीच या शौर्याची दुसरी बाजू दाखविली. त्यांचा मुख्य आधार होता ‘मॉल्डनची लढाई’ हे उत्तरकालीन काव्य. इ. स. ९९१ मध्ये एसेक्सचा सरदार बिर्टनॉथ आक्रमक व्हायकिंगांना अरुंद वाटेने पलीकडे येऊ देतो; कवी याला त्याच्या मनाचा अतिरेक म्हणतो. सरदार पडतो आणि त्याचे निष्ठावंत एकामागून एक त्याच्या बाजूला प्राण देतात. सेवकाचे शौर्य येथे उजळते, स्वामीच्या शौर्याची किंमत मात्र इतरांना मोजावी लागते. जॉन लेयर्ले यांनी १९६५ मध्ये वीर आणि राजा या दोन भूमिकांतील हाच विरोध बेओवुल्फच्या संदर्भात मांडला.

दोष कोणाचा?

हे विवेचन मार्मिक आहे, तथापि दोष एका राजाच्या अहंकारावर टाकून ते थांबले तर काव्यावर अन्याय होईल. विग्लाफ दोन गोष्टी बोलतो. पळालेल्या सोबत्यांचा तो धिक्कार करतो. आणि एकाच्या इच्छेपायी अनेकांना दुःख भोगावे लागते, असेही म्हणतो. कवी यांपैकी एकही विधान खोडून काढीत नाही.

याहून महत्त्वाचे आहे ते निरोप्याचे भाषण. राजा गेल्याचे कळताच फ्रँक, फ्रिजियन आणि स्वीडिश चालून येतील, असे तो बजावतो. आणि त्याची कारणेही सांगतो. ती कारणे सर्पाशी संबंधित नाहीत. फ्रँकांचे वैर हिगेलाकच्या जुन्या स्वारीतून आलेले आहे. या स्वारीची नोंद सहाव्या शतकातील इतिहासकार ग्रेगरी ऑफ टूर्स यानेही केली असून ती इ. स. ५२० च्या दशकातील मानली जाते. स्वीडिशांचे वैर तर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. म्हणजे बेओवुल्फ सर्पाशी लढला नसता तरी ते वैर शिल्लकच होते. त्याच्या दराऱ्याने ते ५० वर्षे दबले होते इतकेच. ज्या समाजाचे संरक्षण एकाच मनगटावर अवलंबून असते, त्या समाजाचे आयुष्य त्या मनगटाच्या आयुष्याएवढेच असते. दोष असेल तर तो या व्यवस्थेचा आहे, आणि बेओवुल्फ हा तिचा सर्वांत निर्मळ प्रतिनिधी आहे. व्यवस्थेतील उत्तम माणूसही तिला वाचवू शकत नाही, हीच या काव्याची शोकांतिका होय.

समारोप

मरणारा राजा प्रजेसाठी खजिना मिळविल्याचे समाधान मानतो. प्रजा मात्र तो खजिना त्याच्याच समाधीत पुरते आणि तो पूर्वीइतकाच निरुपयोगी राहतो. १२ घोडेस्वार समाधीभोवती फिरत त्याचे गुणगान करतात: राजांमध्ये सर्वांत सौम्य, लोकांवर सर्वांत माया करणारा आणि कीर्तीसाठी सर्वांत उत्सुक. हे शेवटचे विशेषण काव्याचाही शेवटचा शब्द आहे. तो स्तुतीचा की खंतीचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. परंतु त्याच चितेपाशी एक गीट स्त्री येणाऱ्या आक्रमणाच्या आणि दास्याच्या भीतीने आक्रोश करीत असते. वीराची कीर्ती आणि त्या स्त्रीचा आक्रोश या दोन्ही गोष्टी एकत्र ऐकल्याशिवाय या नायकाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.