अनियमित स्थलांतराचे मोजमाप आणि स्पेनमधील २००५ चे नियमितीकरण : एक चिकित्सा

परवान्याविना राहणाऱ्या स्थलांतरितांची थेट गणना होत नाही. म्हणून अभ्यासक वजाबाकीचा आधार घेतात. स्पेनमध्ये ही वजाबाकी विशेष सोपी भासते. तेथील नगरपालिका 'पाद्रोन' ही रहिवासी नोंदवही ठेवतात आणि तीत नाव घालताना वास्तव्याचा परवाना मागितला जात नाही. १ जानेवारी २००५ रोजी या वहीत सुमारे ३७ लाख परकीय नागरिक होते, तर वैध परवाने सुमारे २० लाख. उरलेले सतरा लाख 'अनियमित' होत, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला.

हा निष्कर्ष ग्राह्य मानता येत नाही. या फरकात किनारपट्टीवर स्थायिक झालेले ब्रिटिश व जर्मन निवृत्तही येतात. युरोपीय संघाचे नागरिक या नात्याने त्यांना वास्तव्याचा हक्क होता, मग त्यांनी कार्ड काढलेले असो वा नसो. (त्यांची 'समस्या' म्हणून चर्चा फारशी झाली नाही, ही बाब बोलकी आहे.) परवान्याच्या नूतनीकरणाची वाट पाहणारेही यातच मोजले गेले आणि देश सोडून गेलेल्या अनेकांची नावे वहीत तशीच राहिली.

फेब्रुवारी ते मे २००५ मधील नियमितीकरणाने गुंतागुंत वाढवली. पाद्रोनमधील किमान सहा महिन्यांपूर्वीची नोंद व नोकरीचा करार या त्याच्या प्रमुख अटी होत्या. मोजण्याचे साधन अशा रीतीने पात्रतेचा पुरावा बनले. भीतीपोटी नाव न नोंदवलेले यातून वगळले गेले. अखेर एप्रिलमध्ये शासनाला अन्य सरकारी कागदपत्रेही स्वीकारावी लागली. अर्ज आले सुमारे ६.९ लाख, मंजूर झाले सुमारे ५.७ लाख. मात्र अर्ज सामान्यतः मालकानेच करावयाचा असल्याने हा आकडा स्थलांतरितांपेक्षा राजी झालेल्या मालकांचा अधिक आहे. फेरीवाले, बेरोजगार आणि मुले त्यात कोठून येणार? सतरा लाखांतून सात लाख वजा करून 'दहा लाख उरले' असे म्हणणे म्हणूनच निरर्थक ठरते.

धोरणाचे एक श्रेय मान्य करावे लागते. मालकाने सामाजिक सुरक्षा योजनेत कामगाराची नोंद केल्यावरच परवाना अमलात येई. त्यामुळे छुपे श्रम करव्यवस्थेत आले. परंतु तो एकाच वर्षाचा होता व नूतनीकरण रोजगारावर अवलंबून होते. रोजगार गेला की तोच कामगार पुन्हा अनियमित ठरण्याचा धोका राहिला. याउलट, अर्जदारांत मोठ्या संख्येने असलेले रुमानियाचे नागरिक १ जानेवारी २००७ रोजी त्यांचा देश युरोपीय संघात येताच, जागचे न हलता, कायदेशीर रहिवासी झाले.