तानपुरा थांबत नाही

नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर ख्याल ऐन रंगात येतो आणि ४५व्या मिनिटाला पट्टी संपते. कॅसेट उलटून पुन्हा बटण दाबेपर्यंत एखादं आवर्तन निसटतं. जुन्या मैफलींच्या अशा कॅसेट आज घरोघरी संगणकावर उतरवल्या जात आहेत. ध्वनिफायली कापणाऱ्या-जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची खरी कसोटी तिथेच लागते. माझं मत असं, की त्यांचा हात पक्का झाला आहे, कान अजून कच्चा आहे.

हात पक्का म्हणजे कसा? स्टुडिओत पूर्वी पट्टी ब्लेडने तिरकी कापत. तिरक्या छेदामुळे एक आवाज मावळता मावळता दुसरा उगवे आणि सांधा खटकत नसे. आता ते काम क्रॉसफेड करतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेल्या आणि २००० साली सर्वांसाठी मोफत खुल्या झालेल्या ऑडासिटीत तो सुरेख जमतो. मात्र तिच्यात एमपी३ कापून पुन्हा एमपी३ म्हणून साठवली, की आवाज दुसऱ्यांदा दाबला जातो आणि कस उतरतो. नुसते तुकडेच पाडायचे असतील तर एमपी३डायरेक्टकट किंवा एमपी३स्प्लिट बरं. ती आवाज न उलगडता फाईल तोडतात. छेद फ्रेमच्या सीमेवरच बसतो, पण एक फ्रेम साधारण २६ मिलिसेकंदांची असते. गाण्याला एवढं चालतं.

घोळ होतो तो आपोआप तुकडे पाडताना. ही सोय दोन गाण्यांमधली शांतता शोधते. आपल्या मैफलीत तानपुरा थांबतच नाही! विलंबित संपून द्रुत सुरू होतं तेव्हा शांतता कुठे असते? मग शांततेची मर्यादा वर चढवावी, तर आलापीत गायक क्षणभर विसावतो नेमकी तिथेच कात्री चालते.

जोडकामाचंही तसंच. दोन बाजू वेगवेगळ्या डेकवर उतरवल्या आणि वेगात एका टक्क्याचा फरक पडला, तरी षड्ज सरकलेला जाणत्या कानाला कळतो. सॉफ्टवेअर मात्र दोन्ही तुकडे बिनतक्रार जोडून देतं. वेग आणि सूर एकत्र हलवायची सोय ऑडासिटीत आहे, पण किती हलवायचा ते तानपुरा ऐकूनच ठरवावं लागतं. आणि आवर्तन हरवलं असेल तिथे क्रॉसफेड करूच नये. तानपुरा जुळल्यासारखा वाटतो, पण ठेका मध्येच तुटून समेचा हिशेब चुकतो. त्यापेक्षा आवाज हळूच मिटवावा, क्षणभर थांबावं आणि पुन्हा उघडावा. ऐकणाऱ्याला तुटलेली जागा कळायला हवी.

नव्वद मिनिटांची स्टिरिओ वेव्ह फाईल सीडीच्या दर्जाने सुमारे ९५० एमबी होते. तुकडे हवे तसे पाडा, पण ही मूळ सलग फाईल कृपा करून पुसू नका.